मुकीवरचा पूल

नसलेल्या पुलावरून मेंढरं चालल्याचा आवाज अंबाबाईने पहिल्यांदा ऐकला तो फाल्गुनात, भर बाराच्या उन्हात.

मुकी नदीच्या काठावर बाभळीखाली कातरणी चालली होती. येडबाने एका मेंढीचे चारी पाय बांधून तिला मांडीखाली आडवी घेतली होती. कातर कचाकचा चालत होती आणि काळी लोकर एका बाजूला उलगडत पडत होती. अंबाबाई ती गोळा करून पोत्यात दाबत होती. तळहात मेणचट झालेले, नाकात मेंढरांचा वास. मुकीला तेव्हा गुडघाभर पाणी. ही नदी पुरातही आवाज करत नाही म्हणून तिचं नाव मुकी. दुसऱ्या नद्या गर्जत येतात, माणूस सावध होतो. ही बोलता बोलता कमरेला लागते.

तेवढ्यात घंटी वाजली.

अंबाबाईने मान वर केली. त्यांची मेंढरं सगळी सावलीत होती, एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून. घंटी वाजली ती नदीच्या मधोमध, आणि पाण्यात नाही, पाण्याच्या दोन पुरुष वर. घंटीमागून खुरं आली. चिखलातली खुरं नव्हती ती. एसटी स्टँडच्या फरशीवरून मेंढरं नेली की वाजतात तशी, कोरडी, खटखट. आवाज ह्या काठावरून निघाला, आभाळातून सरळ पलीकडे गेला आणि तिथे विझला.

काठावर झोपलेलं कुत्रं उठून बसलं होतं. त्याची मान डावीकडून उजवीकडे हळूहळू वळत गेली, कुणी जाताना बघावं तशी.

"अवो, ऐकलं का?"

"काय?"

"टकुऱ्याची घंटी."

कातर थांबली. टकुऱ्या म्हणजे त्यांचा म्होरक्या मेंढा. मागच्या भादव्यात तो आदिनाथबरोबर गेला होता.

"ऊन लागलंय तुला," येडबा म्हणाला. "पदर घे डोक्यावर."

पण त्याने पुन्हा कातर लावली तेव्हा चाळीस वर्षांत न झालेली चूक झाली. मेंढीच्या पांढऱ्या कातडीवर रक्ताची रेघ उठली.

आदिनाथ त्यांचा एकुलता एक. भादव्यात तो चाळीस मेंढरं घेऊन पलीकडून घराकडे निघाला. मधोमध असताना मुकी चढली. अंबाबाई ह्या काठावर उभी होती. तिला साधी हाकसुद्धा ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी बावीस मेंढरं खालच्या बाभळींना अडकलेली सापडली. आदिनाथची घोंगडी सापडली. तो सापडला नाही. पोलिसांनी 'बेपत्ता' लिहिलं. सून रुपालीने महिनाभर वाट पाहिली, आणि एका सकाळी उंबऱ्यावर बसून आपल्या हातानेच बांगड्या फोडल्या.

मग पौषात तो कागद आला.

कागद आणला सूर्यभानने. बौद्धवाड्यातला हा माणूस जन्मभर लोकांच्या रानात राबला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात अक्षर शिकला. तेव्हापासून तो एकच पुस्तक वाचत आला होता, संविधान. ओळीखाली बोट ठेवून वाचायचा आणि बोट पुढे सरकेपर्यंत कुणाचं ऐकायचा नाही. आमदाराने नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न विचारला होता आणि मंत्र्याने त्याचं उत्तर दिलं होतं, ते छापून आलं होतं.

सूर्यभान ओट्यावर बसला. बोट टेकवलं.

"पयला प्रश्न. मौजे मोहळवाडी इथं मुकी नदीवर पूल नसल्यानं आदिनाथ येडबा हा मेंढपाळ वाहून गेला, हे खरे आहे काय? उत्तर…" बोट थांबलं. "हे खरे नाही."

अंबाबाई कागदाजवळ सरकली.

"दुसरा. पुलाचं काम कधी होनार? उत्तर. सदर ठिकाणी पूल पूर्ण असून वापरात आहे. तिसरा. उशिराची कारणं काय? उत्तर. प्रश्न उद्भवत नाही."

"म्हंजी?" अंबाबाईने विचारलं.

"म्हंजी विचारायचं कामच न्हाई, असं."

"हे कोन म्हणलं?"

"मंत्री."

"शपत घिऊन?"

"मंत्री होतानाच शपत असती, अंबाबाई. राज्यपालापुढं. एकशे चौसष्टावं कलम."

"बेल-भंडारा उचलून?"

सूर्यभान जरा हसला. "त्यांचा बेल-भंडारा म्हंजी संविधान."

हसायला नको होतं, हे त्याला नंतर कळलं. मेंढक्यांच्या वाड्यात, म्हणजे रानोरान हिंडणाऱ्या बिऱ्हाडांच्या मेळ्यात, एक कारभारी असतो. त्याने बेल-भंडारा उचलून शब्द टाकला की तो शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्याला खोटं म्हणणाऱ्याला वाड्यात कुणी पाणी देत नाही. खोटी शपथ घेणाऱ्याचं वर्षाच्या आत वाटोळं होतं. असा हा हिशेब. आणि आता राज्याच्या कारभाऱ्याने भरल्या सभागृहात सांगितलं होतं की आदिनाथ वाहून गेला, हे खरं नाही.

"खोटं बोललाय त्यो," सूर्यभान घाईने म्हणाला.

"मंग बाकीचे मंत्री काऊन गप बसले?"

"एक बोलला की सगळ्यांचं बोलनं असतंय. सामुदायिक जबाबदारी म्हंतेत तिला. तुमच्या वाड्यावानीच. एकाच्या मेंढरानं उभ्या ज्वारीत तोंड घातलं तर दंड सगळ्या वाड्याला, का न्हाई?"

"मंग झालंच की," अंबाबाई म्हणाली. "एवढे सगळे मिळून खोटं बोलतेल का?"

सूर्यभानचं बोट कागदावरच राहिलं.

त्याच आठवड्यात अंबाबाईने सोनपेठच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या आणि रुपालीचा हात हातात घेतला. रुपालीने हात मागे ओढला.

"आत्या, बाया हसतेल मला."

"हसू दे. मंत्र्याच्या वर हायेत का त्या?"

बाया हसल्याच. पलीकडच्या रानात रुपाली खुरपायला जायची, तेव्हा पातेला पात लावून ओळीने बसलेल्या बायांतून एक तरी म्हणायचीच, "काय गं, नवरा परवा आला का पुलावरनं?" रुपाली खाली मान घालून खुरपं चालवायची. बांगड्या कोपरापर्यंत सारून पदराखाली झाकायची.

आणि फाल्गुनात घंटी वाजली.

मग ती वाजतच राहिली. रोज नाही. ऊन तापलेलं, वारा पडलेला, पाखरू बोलत नाही अशा दुपारी. अंबाबाई भाकर फडक्यात बांधून काठावर जाऊन बसायची. चैत्रात कधीतरी त्याच जागी एक निळा बोर्ड येऊन उभा राहिला. सूर्यभानने वाचून दाखवला: 'पूल, मुकी नदी, काम पूर्ण.' कुणी रोवला, कधी रोवला, कुणी पाहिलं नाही. बोर्डाच्या पुढे दोन पावलांवर काठ संपत होता आणि खाली डोह होता.

वैशाखात रुपाली दुपारची कामावरून आली ती गारठल्यासारखी.

"आत्या, मी पान्यातनं येत होते. मधोमध आले आन पाठीवर सावली पडली. पट्ट्यावानी. वर बघितलं तर काईच न्हाई. ढग बी न्हाई. चार पावलं सावलीत चालले बघा मी. मंग परत ऊन."

अंबाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. वैशाखाच्या उन्हात पाठ विहिरीच्या दगडासारखी थंड होती.

येडबा हे सगळं ऐकायचा. एका दुपारी तोही काठावर येऊन बसला, कान नदीकडे करून. घंटी वाजली. अंबाबाईने त्याचं मनगट धरलं. खुरं पलीकडे जाईपर्यंत धरून ठेवलं.

"ऐकलं?"

"न्हाई गं." त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "मला तर काईच ऐकू येईना. माझ्यावर रुसलाय का काय त्यो?"

ज्येष्ठात सूर्यभान पुन्हा आला. मंत्र्याने त्या दिवशी नुसतं उत्तर दिलं नव्हतं. आमदार उठून भांडायला लागला तेव्हा तो असंही म्हणाला होता की जागेवर पाहणी करून अहवाल सभागृहापुढे ठेवू.

"तिथं दिलेलं आश्वासन निवडनुकीतल्यावानी हवेत जात न्हाई," सूर्यभान म्हणाला. "लिहून घेतेत. त्याच्यासाठी आमदारांची समिती असती. ती यायलीय भादव्यात. पूल हाय का न्हाई बघायला. न्हाई निघाला, तर त्या मंत्र्याला त्याच सभागृहात उभं राहावं लागंल आन म्हनावं लागंल, माझं उत्तर चुकलं. मंत्री कितीबी मोठा असंना, त्या सभागृहापुढं त्यो जिम्मेदार असतोय."

"मंग काय लिवतेल कागदावर?"

"हे खरे आहे, असं."

अंबाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"मंग माझं लेकरू मरंल की, सूर्यभान भाऊ."

आषाढ लागला. समितीच्या आधी पुलाच्या खात्याचा साहेब आला. तरुण होता, बुटाला चिखल लागू नये म्हणून दगडा-दगडावरून पाय टाकत आला. गाव त्याला विंजनेर म्हणायचं. त्याच्या पिशवीत पंचनामा होता. 'पूल वापरात आहे, आम्ही त्यावरून ये-जा करतो.' खाली येडबाच्या अंगठ्याची जागा मोकळी.

"बाबा, कागदावर पूल आहे तर जागेवरही येईल," तो म्हणाला. "आज नाही, पुढच्या वर्षी. पण कागदावरचाच मोडलात, तर चौकशी लागेल. मग वीस वर्षं इथं एक वीटसुद्धा पडायची नाही."

साहेब अंबाबाईकडे वळला. गावाने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण त्याने आवाज अगदी खाली आणला.

"आजी, उत्तर बदललं तर तुमचा मुलगा गेला असंच लिहावं लागेल. सरकारच्या दप्तरात आज तो गेलेला नाही. राहू द्या की तसंच."

हाच शब्द अंबाबाईच्या पोटात होता आणि तो ह्या बुटवाल्याच्या तोंडून बाहेर आला. तिने येडबाकडे पाहिलं. येडबाने अंगठा पुढे केला. शाईने निळा झालेला अंगठा तो दिवसभर धोतराला पुसत होता, पण निळं गेलं नाही.

श्रावणाच्या शेवटी पाऊस लागून राहिला. मुकी कमरेइतकी झाली. ह्या काठापासून त्या काठापर्यंत एक दोर बांधलेला होता, डोहाच्या वरच्या अंगाला. तो धरून बाया ये-जा करायच्या. त्या दिवशी पाऊस उघडला आणि ढगांतून असं ऊन पडलं की ओल्या मातीतून वाफा निघायला लागल्या. रुपाली दोर धरून यायला लागली. काठावर येडबा आणि अंबाबाई मेंढरं राखत उभे.

मधोमध आल्यावर रुपाली थांबली. तिने मान वर केली. आणि अंबाबाईच्याही कानात घंटी वाजली.

रुपालीने दोर सोडला. एक पाय वर उचलला, पायरी चढताना उचलतो तसा, आणि नसलेल्या जागेवर टेकवला.

मग ती दिसेनाशी झाली. पाण्याने काही आवाज केला नाही.

येडबा म्हातारा होता, पण हातात आकड्याची लांब काठी होती. पाला ओढायची असते ती. तो छातीइतक्या पाण्यात शिरला. मेंढरू काढावं तसा त्याने तिच्या लुगड्यात आकडा अडकवला आणि डोहाच्या तोंडावरून तिला ओढून काढलं. काठावर पालथी घातली, पाठीवर दणके दिले. तिच्या तोंडातून गढूळ पाणी आलं. दोन बांगड्या फुटून मनगटात रुतल्या होत्या.

शुद्धीवर आल्यावर ती रडली नाही. नवल वाटल्यासारखी म्हणाली, "आत्या, त्यांनी हाक मारली मला. पान्यातनं काऊन यायलीस म्हणले. वर ये, वर कोरडं हाय."

अंबाबाईने काचा एकेक करून काढल्या. पुलाला माणूस लागतं, असं जुनी माणसं म्हणायची. खऱ्या पुलाला एक लागत असेल. जो पूलच नाही, त्याला किती लागतील? आणि तिचं लेकरू असं कधी हाक मारणारं नव्हतं. जितेपणी त्याने बायकोला पाण्यात एकटीला उतरू दिलं नव्हतं.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी उठून बौद्धवाड्यात गेली.

"सूर्यभान भाऊ, समिती कोनत्या दिवशी यायलीय?"

समिती आली तेव्हा मुकी काठोकाठ होती. चार पांढऱ्या गाड्या चिखलात रुतत आल्या. आमदार पाच-सहा, त्यांच्यात अध्यक्ष एक बाई, पांढऱ्या केसांची, साडी पोटरीवर खोचून निमूट चिखल तुडवत आलेली. एक माणूस वही घेऊन तिच्यामागे होता; जो जे बोलेल ते तो उतरवून घेत होता. गावातली माणसं लांब उभी. सूर्यभान पुढे, काखेत पुस्तक. विंजनेर साहेबाच्या हातात छत्री, पंचनामा आणि नकाशा.

"पूल कुठे आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेबाने निळ्या बोर्डाच्या पुढच्या पाण्याकडे बोट केलं. "इथेच, मॅडम. बुडीत पूल आहे हा. पावसाळ्यात पाण्याखाली जातो. आत्ता वरून गुडघाभर पाणी आहे. ग्रामस्थांचा पंचनामा सोबत आहे."

गढूळ पाणी सरळ, सपाट वाहत होतं. त्याच्या खाली काय आहे ते कुणाला दिसणार? आमदारांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने घड्याळ पाहिलं. बारा वाजत आले होते.

"कितीचं बांधकाम आहे, कधी पूर्ण झालं, ते सगळं—" अध्यक्षबाई विचारू लागल्या.

अंबाबाई गर्दीतून पुढे आली. खांद्यावर आदिनाथची घोंगडी होती, पुरातून निघालेली तीच. कपाळाला भंडारा फासलेला. पिवळं कपाळ घामाने ओघळत होतं.

"साहेब, पूल हितंच हाय म्हणलात ना?"

"हो आजी. तुम्ही बाजूला थांबा."

"गुडघाभर पान्याखाली?"

"हो."

"मंग चला माझ्यासंगं. पल्याड जाऊन येऊ."

कुणीतरी हसलं. साहेब म्हणाला, "आत्ता प्रवाह आहे, आजी."

"गुडघाभर पान्याला कसला प्रवाह? आमची मेंढरं जातेत की वो त्याच्यातनं." ती अध्यक्षबाईंकडे वळली. "बाई, भरल्या सभेत शपतेवरला मानूस म्हणला पूल हाय. मी अडानी बाई. मी ऐकलं त्याचं. पौषापासनं ऐकत आले. आता जाते."

आणि ती चालू लागली.

बोर्डापाशी पोचली तेव्हा घंटी वाजली. इतकी जवळून कधी वाजली नव्हती. खुरं आली, डोक्यावरून, कोरडी खटखट, आणि खुरांमागून वहाणांची पावलं. डावं जरा ओढून टाकलेलं, आदिनाथच्या लहानपणी काटा सलून राहिलेला होता त्या पायाचं. काठावरचं कुत्रं वर बघून शेपूट हलवायला लागलं. अंबाबाईचे डोळे भरून आले. तिने वर पाहिलं नाही. खाली पाण्याकडे पाहिलं, आणि पाऊल पुढे टाकलं.

"आजी! थांबा!" मागून साहेब किंचाळला. त्याची छत्री हातातून पडली. "अहो धरा तिला! तिथं पूल नाही! तिथं डोह आहे, तीन पुरुष पाणी आहे, पूल नाही तिथं!"

येडबाचा आकडा घोंगडीत अडकला. पाण्याने अंबाबाईला मांडीपर्यंत घेतलं होतं. त्याने आणि सूर्यभानने तिला मागे ओढलं. तिघंही चिखलात बसले. सूर्यभानचं पुस्तक चिखलात पडलं होतं, ते त्याने आधी उचललं.

वहीवाल्याचा पेन तेवढा चालत होता. तो थांबल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "साहेब, काय म्हणालात तुम्ही आत्ता? परत सांगा. ह्यांना नीट लिहून घेऊ द्या."

साहेब पडलेली छत्री उचलायला वाकला.

मग अध्यक्षबाईंनी येडबाला विचारलं, "बाबा, हा अंगठा तुमचा?"

"माझाच हाय," येडबा म्हणाला. मग त्याने तोच अंगठा जमिनीत दाबला, चिखलात, जोर लावून. "हितं बी हाय बघा. खोटं लिवलं होतं मी. माझं पोरगं हितं गेलं."

पुन्हा पौष आला. ज्वारी पोटऱ्यात आली होती. सूर्यभान लांबूनच दिसला, हातात कागद. रुपाली जात्यापाशी होती, ती उठून दारात आली.

सूर्यभानने ओट्यावर बसून चष्मा पुसला. बोट टेकवलं.

"मंत्री उभं राहिले सभागृहात. निवेदन केलंय. वाचतो. मी दिलेल्या उत्तरातली माहिती वस्तुस्थितीला धरून नव्हती. तिची जबाबदारी माझी आहे. सुधारित उत्तर पुढीलप्रमाणे." बोट खाली सरकलं. "पयला प्रश्न. मुकी नदीवर पूल नसल्यानं आदिनाथ येडबा हा मेंढपाळ वाहून गेला, हे खरे आहे काय?"

त्याने वर पाहिलं. अंबाबाई म्हणाली, "वाचा की."

"हे खरे आहे."

रुपालीने न बोलता मनगटावरच्या बांगड्यांना हात घातला. अंबाबाईने तो हात धरला.

"ऱ्हाऊ दे त्या. मी भरल्यात तुला. त्याच्या नावाच्या न्हाईत त्या."

दुपारी ती काठावर गेली. ह्यावेळी भाकर नेली नव्हती. निळा बोर्ड कुणीतरी उपटून नेला होता, त्याचे दोन खड्डे तेवढे राहिले होते, त्यांत गवत उगवत होतं. नव्या पुलासाठी कुणीतरी चुन्याच्या खुणा करून गेलं होतं. वारा पडला होता. ऊन माथ्यावर आलं. कुत्रं आलं, पायाशी वेटोळं करून झोपलं आणि मान वर न करता झोपूनच राहिलं.

येडबा मागून येऊन तिच्या शेजारी बसला. बराच वेळ दोघं नदीकडे कान करून बसली.

"येतंय का गं ऐकू?"

"न्हाई," अंबाबाई म्हणाली. "काईच न्हाई."

येडबाने मान हलवली. मग वर्षभर कोरडे राहिलेले त्याचे डोळे गळायला लागले, आणि त्याने तोंड घोंगडीत घातलं. अंबाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. समोर मुकी वाहत होती आणि आता त्या दोघांनाही ती सारखीच ऐकू येत होती.